चिंतन : मुलींचं वेगळं, मुलांचं वेगळं

बी.एड.च्या वार्षिक प्रात्यक्षिकांचा दिवस. बाहेरून आलेले परीक्षक फाइलींचा ढीग पुढ्यात घेऊन बसले होते. चहा केव्हाच निवला होता. खिडकीतून येणारं एप्रिलचं ऊन फाइलींच्या प्लॅस्टिकवरून उसळून डोळ्यांत घुसत होतं, म्हणून सरांनी एका जाडजूड फाइलीचाच आडोसा केला होता. हात सराईत. चार पानं उलटायची, एका पानावर बोट ठेवायचं, गुणतक्त्यात आकडा टाकायचा, पुढची ओढायची. एका फाइलीत, पाठ घेतल्यावर स्वतःच त्यावर लिहायचं असतं त्या 'चिंतना'च्या पानावर, मात्र बोट थांबलं. चष्मा कपाळावर गेला. "मॅडम, हे बघा. फाइल मुलीची आणि चिंतनात लिहिलंय, 'इथे मी गोंधळलो.' कुठल्या तरी पोराची उतरवलीय. अहो, उतरवताना निदान गोंधळलो-चं गोंधळले तरी करावं!" खोलीत हशा पिकला. विनोद चांगलाच होता. अशी उतरवाउतरवी दरवर्षी सापडते, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटायचं कारणही नव्हतं.

मला मात्र ती मुलगी माहीत होती. राधानगरीच्या पुढचं गाव, पहाटेची एस.टी. आणि आपल्याकडच्या पोरी घरी काय बोलतात ते कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. 'मी जेवलो', 'मी आलो', 'मी चाललो गं'. पुण्याला शिकायला गेलेल्या पोरी या एका लकबीवरून होस्टेलात वर्षभर चिडवल्या जातात. मी सरांना तसं म्हटलं. त्यांनी मान डोलावली. "असेल. बोलताना ठीक आहे हो. पण उद्या ही वर्गात उभी राहणार, फळ्यावर लिहिणार. लिहिताना तरी?" यावर माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. अजूनही पुरतं नाही. पोरांना प्रमाण भाषेत लिहायला शिकवणाऱ्याने स्वतः ती लिहावी, हे म्हणणं चुकीचं कसं ठरवायचं? आकडा तर आधीच पडला होता. मुलगी तोंडी परीक्षेला आत आली, विचारलं तेवढ्याची उत्तरं दिली, वाकून नमस्कार केला आणि गेली. आपल्या एका क्रियापदावर ही खोली हसली होती, हे तिला कळलं नाही.

ते वाक्य डोक्यातून जाईना.

त्याच सुमारास राजारामपुरीत एका झेरॉक्सच्या दुकानात गेले होते. परीक्षांच्या हंगामात ही दुकानं कशी असतात ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. तापलेल्या कागदाचा आणि टोनरचा कोरडा वास, स्पायरलच्या मशीनचा खटका, काउंटरवर कोपरं टेकून उभ्या पोरी, आणि मागे लॅमिनेशनच्या रोलरमधून जिभा बाहेर काढल्यासारखे एकामागून एक येणारे गरम, गुळगुळीत कागद. कामाला असलेला पोरगा एकीला विचारत होता, "चिंतन घालायचं न्हवं? तुमचं मुलींचं." मी मान वर केली. त्याच्या स्क्रीनवर दोन फोल्डर शेजारी शेजारी होते. 'चिंतन मुली'. 'चिंतन मुले'. मला पाहून पोरगी लाजून खांबाआड सरकली. पोरग्याला मात्र लाजायचं काहीच कारण वाटलं नाही. उलट, मॅडमना आपलं काम दाखवायची संधी मिळाली म्हणून तो खुलला. "बसा की मॅडम. हे बघा, आधी सगळं मुलांचंच होतं. मग मी बसून एकेक झालो-चं झाले केलं. एक चूक दाखवा."

मी वाचलं. 'आजच्या पाठात विद्यार्थ्यांचा प्रतिसाद उत्स्फूर्त होता. वेळेचे नियोजन करताना किंचित अडचण आली, तरी पाठाची उद्दिष्टे साध्य करण्यात मी यशस्वी झाले. पुढील पाठात शैक्षणिक साधनांचा अधिक प्रभावी वापर करण्याचा प्रयत्न करेन.' चूक खरोखरच नव्हती. ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी. या पानाला कुठलाही परीक्षक हसणार नाही. "पण हे प्रत्येकीला तेच?" मी विचारलं. त्याने खांदे उडवले. "वाचतंय कोण हो मॅडम? वजन बघत्यात."

पोरींवर रागवावं असं मला वाटत नाही. बी.एड. 2015 पासून दोन वर्षांचं झालं, त्यातले 20 आठवडे शाळेत काढायचे. कल्पना उत्तमच. पण त्या आठवड्यांबरोबर कागदही वाढला. सूक्ष्म पाठ, सराव पाठ, दुसऱ्यांच्या पाठांची निरीक्षणं, शालेय अनुभवाचा अहवाल, कृतिसंशोधन, घटक चाचणी, आणि यातल्या प्रत्येकाच्या शेपटाला 'चिंतन'. सकाळी गारगोटीहून किंवा गगनबावड्याहून निघून संध्याकाळी घरी परत जाणारी, गेल्यावर धारा काढणारी, लेकराचा गृहपाठ घेणारी बाई रात्री साडेदहाला कितव्यांदा आणि कशाचं चिंतन करेल? त्यात वाचणारा तोच, जो गुण देणार. 'माझा पाठ फसला' असं त्याच्या हातात लिहून कोण देतं? वेळेचं नियोजन चुकलं एवढी सोज्वळ कबुली पुरते. तिने कुणाचं काही बिघडत नाही.

मग निकालानंतर मुली फाइली परत न्यायला आल्या, तेव्हा मी त्या राधानगरीच्या मुलीची फाइल दोन दिवस ठेवून घेतली. गणिताच्या पाठांची. आधी जाणवलं ते हे, की तिची भाषा सगळीकडे नीट, पुस्तकी, थोडी अवघडलेली होती. 'मी सूत्र फलकावर लिहिले.' 'मी विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले.' घरचा 'लो' फक्त जिथे तिची गाडी अडली होती तिथेच उमटला होता, आणि तो एकदाच नव्हता. एका पाठात शेकडेवारी होती. 240 चे 15 टक्के. तिने सूत्र मांडलं, मागच्या बाकावरून आवाज आला, छत्तीस. कसं काढलंस? 'दहा टक्के चोवीस, त्याच्या निम्मं बारा.' पुढे तिच्या अक्षरात (टाचण म्हणजे पाठाची आधी लिहून काढलेली तयारी) : 'उत्तर बरोबर होते, पण माझ्या टाचणात ते नव्हते. इथे मी गोंधळलो. बरोबर म्हणून पुढे गेलो.' दुसरा पाठ क्षेत्रफळाचा. चौरसाची बाजू म्हणून तिने सहज 33 फूट घेतली, गुणाकार सोपा जाईल म्हणून. ती गुणायला वळायच्या आतच दोघं-तिघं ओरडले, 'एक गुंठा!' 33 गुणिले 33 म्हणजे 1089 चौरस फूट, म्हणजे बरोबर एक गुंठा. उसाच्या पट्ट्यातल्या पोराला हे पाढ्यासारखं तोंडपाठ. 'वर्ग हसू लागला. मला वाटले माझे काही चुकले. मी पुन्हा सुरुवातीपासून शिकवू लागलो.' तिसरीकडे नफा-तोटा. 800 ला माल घेतला, 950 ला विकला, नफा 150. एकजण उठून म्हणाला, टेम्पोचं भाडं कुठं गेलं? त्याची आई बाजारात भाजी विकते, असं तिने कंसात लिहिलं होतं. आणि खाली, 'यावर काय सांगावे ते न कळून मी पुढचे उदाहरण घेतलो.'

तीन पाठ, तीन वेगळ्या तारखा, मध्ये कितीतरी पानांचं अंतर. एकेक पान वाचलं तर तीन किरकोळ फजित्या. तिन्ही शेजारी ठेवल्या की दिसतं, ही मुलगी पोरं चुकली म्हणून कुठेच अडखळलेली नाही. पोर आपल्या पद्धतीने बरोबर निघालं की तिची पंचाईत होते. चुकलेल्याला कसं सांभाळायचं हे तिला आम्ही शिकवलंय. टेम्पोच्या भाड्याचं काय करायचं हे तिच्या टाचणात नाही. खरं तर तो पोरगा शंभर टक्के बरोबर होता, खरेदी किमतीत वाहतूक धरावीच लागते, आणि तिने 'शाब्बास, किती धरूया?' एवढं विचारलं असतं तर पुढचा अर्धा तास वर्गानेच पाठ चालवला असता.

ती आली तेव्हा मी तिला ही तीन पानं एकापुढे एक मांडून दाखवली. तिने बराच वेळ पाहिलं. आधी तिचा चेहरा पडला. "म्हणजे मॅडम, मला गणित येत नाही असं?" म्हटलं, तुला गणित येतं. पोरांच्या तोंडून आलं की ओळखू येत नाही. यावर ती पटकन म्हणाली, "मग ते कुठं शिकवतात?"

प्रश्न रास्त होता. गणिताच्या पदवीत ते शिकवत नाहीत आणि 'अध्यापन पद्धती'च्या पेपरातही त्याच्यासाठी धड जागा नाही. ली शुलमन नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने 1986 मध्ये या अधल्यामधल्या ज्ञानावर बोट ठेवलं. विषय येणं वेगळं, वर्ग सांभाळणं वेगळं, आणि हा विषय या पोरांच्या डोक्यात कुठल्या वाटेने शिरतो, कुठे अडतो हे जाणणं तिसरंच. हे तिसरं फक्त शिकवणाऱ्याकडे असतं. आणि ते लेखी परीक्षेत चार पर्यायांपैकी एकावर खूण करून कसं तपासणार, या अडचणीतूनच त्यांच्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या प्रकल्पात, 1985 ते 1990 या काळात, शिक्षकांच्या पोर्टफोलिओवर, म्हणजे स्वतःच्या कामाचे नमुने जपणाऱ्या फाइलीवर, काम झालं. (आमचे सूक्ष्म पाठही मूळचे तिथलेच, 1963 चे. बी.एड.चं निम्मं सामान एकाच घरून आलंय म्हणा ना.) गंमत अशी, की पोर्टफोलिओचा हा पुरस्कर्ताच पुढे 1998 मध्ये त्याच्या धोक्यांची यादी करून बसला. एक धोका, क्षुल्लक गोष्टींचीच निगुतीने नोंद होत राहण्याचा. एक, त्यापायी उपसाव्या लागणाऱ्या कष्टांचा. एक, फक्त उत्तम तेवढं वेचून लावल्यामुळे रोजचं शिकवणं झाकलं जाण्याचा. आणि पहिलाच धोका, त्यांनी त्याला नाव दिलंय, लॅमिनेशन. चकचकीत प्रदर्शन मांडून ठेवण्याचा. राजारामपुरीतला तो रोलर त्यांनी पाहिलेला नाही, पण ओळखला बरोबर.

गुण देण्याची भानगड तिथेही सुटली नव्हती. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला चौथी आणि आठवीच्या मुलांचं लेखन आणि गणित पोर्टफोलिओवरून तपासायचं ठरवलं, राज्यभर. रँड या संस्थेने पाहणी केली तर निघालं काय, एकाच फाइलीला दोन तपासनीस देत असलेल्या गुणांचा एकमेकांशी फारसा मेळच नाही. हे वाचून मला आमची ती ऊन आलेली खोली आठवली. आमचे परीक्षक वाईट नव्हते. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर 'गोंधळलो' कदाचित दिसलंही नसतं, किंवा दिसून आवडलं असतं. शुलमन यांचं म्हणणं मला त्यातल्या त्यात पटतं ते एवढंच, की नमुने गोळा करून पोर्टफोलिओ होत नाही. त्यावर स्वतः लिहावं लागतं आणि मग कुणाबरोबर तरी बसून गांभीर्याने बोलावं लागतं, तेव्हा तो पुरा होतो. आमच्याकडे वरून आलेल्या फॉर्मात सगळे रकाने आहेत. सहीचा आहे, शिक्क्याचा आहे. बोलण्याचा नाही.

आणि हे कोल्हापुरात बसून अमेरिकेच्या तोंडून ऐकावं लागावं, याची मला थोडी शरमच वाटते. कारण आमच्या कॉलेजात पोर्टफोलिओ यायच्या कितीतरी आधीपासून या गावातली पोरं मोठाली चित्रांची फोल्डरं बगलेत मारून सायकलवरून फिरत आलीत. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर अशा चित्रकारांचं हे गाव. आमच्या शेजारचा एक मुलगा आर्ट डिप्लोमाला जायचं म्हणून एका वयस्कर चित्रकारांना आपली चित्रं दाखवायला निघाला होता, त्याच्या आईने मला सोबत धाडलं. मंगळवार पेठेतलं जुनं घर, जिन्यात टर्पेंटाइनचा वास, खाली कुणीतरी मटणाचा तांबडा फोडणीला टाकलेला, दोन्ही वास एकमेकांत मिसळून जिन्याच्या वळणावर साचलेले. मुलाने फोल्डर उघडलं आणि एकेक चित्र हातात धरून दाखवू लागला. सरांनी हातानेच थांबवलं. सगळी फरशीवर पसर म्हणाले. पसरली. रंकाळा, पंचगंगेचा घाट, पन्हाळ्याचा तटबंदीचा तुकडा, म्हशी, पुन्हा म्हशी, एक घोडा. सर उभ्या उभ्या बघत राहिले. त्यांनी एकाही चित्राला चांगलं-वाईट म्हटलं नाही. मग विचारलं, "काय रे, तुझ्या सगळ्या म्हशी पाण्यात का बसल्यात?"

"सर, त्या बसत्यातच की घाटावर."

"आणि घोडा? त्याला पण गुडघाभर गवतात घातलास."

पोरगा कानापर्यंत लाल झाला. मी खाली पाहिलं. एवढ्या चित्रांत एकाही जनावराला पाय नव्हते. कुठे पाणी, कुठे गवत, कुठे धुकं, एका ठिकाणी तर मुद्दाम ओढून आणलेली बैलगाडी. एकेक चित्र हातात धरलं असतं तर हे कुणाच्या बापाला कळलं नसतं, आणि प्रत्येक चित्र आपल्या जागी देखणंच होतं. "पाय येत नाहीत तुला," सर शांतपणे म्हणाले, "पण लपवायची हुशारी चांगली आहे. उद्या पहाटे गंगावेशीत जा. दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात. फक्त खूर काढून आण. म्हैस नको." मग चहा आला आणि दोघं खुरांवर बोलत बसले. मला त्यातलं निम्मं कळलं नाही. घरी येताना पोरगा गप्प होता. त्याचं त्यालाही माहीत असणार, हात कुठे चुकवतोय ते. फक्त कुणी इतकं एकदम पाहिलं नव्हतं.

आबालालांबद्दल इथे एक गोष्ट सांगतात, शाहू महाराज गेल्यावर त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थ तलावात सोडून दिली. खरं-खोटं कोण सांगणार. पण लहानपणी ती ऐकली की मला वाईट वाटायचं, आणि आता वाटतं की ज्याच्यासाठी काढायची तो बघणाराच गेला, तर माणूस दुसरं काय करेल?

बघणारा कोण, यावरून मला माझ्या आत्याची टाचणवही आठवते. ती शिरोळ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होती. वहीची पुढची पानं साहेबांची. घटक, उपघटक, उद्दिष्टं, साधनं, सगळं शाईच्या पेनाने, टपोऱ्या वळणदार अक्षरात, आणि खाली मुख्याध्यापकांचं लाल 'पाहिले'. वही उलटी करून मागून उघडली की आत्या सुरू. पेन्सिलीने, तिरकं, घाईघाईचं. 'गुरुवारी बाजार. निम्मा वर्ग नाही. नवीन काही घेऊ नये.' 'पाटलाच्या धाकटीला वाचता येतं. मोठ्यानं विचारलं की येत नाही. जवळ बसवून ऐकावं.' मध्येच भिशीचा हिशोब, डाळीची यादी, परत वर्ग. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने 43 फुटांची धोका पातळी कधीच मागे टाकली आणि पाणी 55 फुटांच्या वर गेलं, तेव्हा कुरुंदवाडचं घर माळ्यापर्यंत भिजलं. पूर ओसरल्यावर आम्ही वह्या दोरीवर वाळत घातल्या. चिखलाचा कुबट वास त्यांना अजून येतो. शाईची पानं निळी-निळी होऊन गेलेली. पेन्सिल टिकली. पाण्याला ती विरघळत नाही, एवढंच त्याचं कारण, त्यामुळे भिशीचे राहिलेले 200 रुपयेही इतिहासात जमा झालेत. आत्याला मी विचारलं, ही मागची पानं कुणाला दाखवायचीस का? "शेजारच्या वर्गाच्या बाईंना," ती म्हणाली. "मधल्या सुट्टीत. त्या त्यांची सांगायच्या, मी माझी."

म्हणजे बोलण्याचा रकाना होता. मधल्या सुट्टीत होता.

त्या वह्यांनंतर, 2010 मध्ये, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि प्रत्येक मुलाबद्दल 'वर्णनात्मक नोंदी' करायच्या ठरल्या. आत्या जे मागच्या पानांवर करायची ते पुढच्या पानांवर आलं. आणि आल्याबरोबर बाजारात नोंदींची तयार पुस्तकं आली, मग पीडीएफ आल्या. 'स्वच्छतेबाबत जागरूक आहे.' 'परिपाठात आवडीने सहभागी होतो.' 'गटात नेतृत्व करतो.' एका वर्गात चाळीस पोरं आणि चाळीसही नेतृत्व करतात. याच गावात लीलाताई पाटलांनी 1985 मध्ये सृजन आनंद विद्यालय काढलं, स्पर्धा आणि शिक्षा बाजूला ठेवून शाळा चालवली, वर्गात घडलेल्या बारीकसारीक गोष्टींवर आयुष्यभर लिहिलं. त्यांचं लिखाण आम्ही बी.एड.च्या मुलींना वाचायला देतो, त्या भारावतात, आणि तिथून उठून झेरॉक्सला जातात. भारावणं आणि झेरॉक्स यांत त्यांना काही विसंगती वाटत नाही. मलाही हल्ली कमी वाटते.

यंदा आम्ही एक करून पाहतोय. शनिवारी पाच-सहा जणी आपलं एकच पान आणतात, मोठ्याने वाचतात, बाकीच्यांनी फक्त विचारायचं, सल्ला द्यायचा नाही. या पानाला गुण नाहीत, सहीसुद्धा नाही. फार छान चाललंय असं नाही. गुण नाहीत म्हटल्यावर निम्म्या जणी येत नाहीत. एकीने आपलं पान वाचायला सुरुवात केली आणि रडायला लागली, तेव्हा सगळ्यांचीच तारांबळ उडाली. एक पोरगा दुकानातलं तयार चिंतन घेऊन आला, गंभीर चेहऱ्याने वाचत 'प्रतिसाद उत्स्फूर्त होता' इथवर पोहोचला आणि स्वतःच फुटला. मग म्हणाला, "खरं सांगू का, दोन पोरं झोपली होती." तिथून पुढचं अर्धा तास ऐकण्यासारखं होतं. मंगळवारच्या फाइलीत मात्र त्याने तेच तयार पान लावलं, आणि ते का लावलं हे सगळ्यांना समजत होतं.

राधानगरीची मुलगी आता एका शाळेत शिकवते. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. नवीन शैक्षणिक धोरणातलं समग्र प्रगतिपत्रक शाळेत आलंय, त्यात मुलांनी स्वतःबद्दल लिहायचं, सोबत्याबद्दल लिहायचं, बाईंनी दोघांबद्दल लिहायचं. वर्गात 42 पोरं. "मॅडम, कल्पना चांगली हाय हो. पण सगळ्या पोरांनी स्वतःला तिन्हीच्या तिन्ही स्टार दिलेत. आणि एकट्यानं एकही नाही दिला, त्याला सगळ्यात जास्त येतंय."

म्हटलं, त्या एकट्यापासून सुरू कर. आठवड्याला पाच पोरं घे. प्रत्येकाची तीन-चार कामं समोर मांड आणि त्याच्याशीच बोल, लिहायचं नंतर बघू. जूनच्या मध्याला सुरू केलंस तर गणपतीपर्यंत सगळ्यांची एक फेरी होते, दिवाळीनंतर दुसरी.

"आणि मध्येच साहेब आले तर?"

"तर ज्या पोरांची झालीत त्यांची दाखव."

"त्यांनी सगळ्यांची मागितली तर?"

"मग त्यांना बसव, आणि एका पोराची वाचून दाखव."

पलीकडून हसू आलं. "तुमचं बरं हाय मॅडम. तुमच्याकडं केंद्रप्रमुख येत नाहीत."

आमच्याकडे समिती येते, मी म्हटलं.